विश्लेषण : राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘जागा निघाल्या’, पण नेमक्या कोणत्या?

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), नागपूरची ‘नीरी’ किंवा गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) यांच्या भरतीच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या की त्यांच्यावर ‘केंद्र सरकारची नोकरी’ असा शिक्का हमखास बसलेला असतो. प्रत्यक्षात यातील बऱ्याचशा जाहिराती ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांतील कामासाठी असतात. कायम जागांची भरती वेगळी असते, तिचे नियम वेगळे असतात आणि ती कधी होईल याचा भरवसा नसतो. या दोन भरतींमधल्या अंतराची किंमत विज्ञान शाखेतील तरुण आपल्या वयाने मोजतात, ती कशी?

या प्रयोगशाळा कोणाच्या अखत्यारीत?

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद म्हणजेच सीएसआयआर ही स्वायत्त संस्था १९४२ मध्ये स्थापन झाली. देशाचे पंतप्रधान हे तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. देशभरात तिच्या तीन डझनांहून अधिक प्रयोगशाळा आहेत. त्यापैकी पाषाण येथील एनसीएलचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये झाले. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात ‘नीरी’ १९५८ मध्ये, तर दोनापावल येथील एनआयओ १९६६ मध्ये सुरू झाली. 

रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, पर्यावरण, समुद्रविज्ञान या विषयांत पदवी घेतलेल्या मराठी तरुणांना संशोधनाची नोकरी म्हटले की आधी याच संस्था आठवतात. भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयसर किंवा पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था यांच्याही जागा निघतात. मात्र त्या वेगवेगळ्या विभागांच्या अखत्यारीत येतात आणि त्यांचे भरतीचे नियमही वेगळे आहेत. इथे विचार केला आहे तो सीएसआयआरच्या प्रयोगशाळांचा.

जागा किती प्रकारच्या?

ढोबळमानाने तीन. पहिला प्रकार मंजूर पदांवरील कायम नोकरीचा. यात दहावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी तंत्रज्ञ, बारावी आणि टंकलेखन येणाऱ्यांसाठी कनिष्ठ सचिवालय सहायक, अभियांत्रिकी पदविका किंवा बी.एस्सी. झालेल्यांसाठी तांत्रिक सहायक, तर पीएच.डी. झालेल्यांसाठी वैज्ञानिक ही पदे येतात. तंत्रज्ञाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून, तांत्रिक सहायकाचे ३५,४०० रुपयांपासून आणि वैज्ञानिकाचे ६७,७०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते, निवृत्तिवेतन योजना, वैद्यकीय सुविधा आणि बढती हे सारे त्यासोबत मिळते.

दुसरा प्रकार पाठ्यवृत्तीचा. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती म्हणजे जेआरएफ मिळवलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी रुजू होतो. ही नोकरी नव्हे, शिक्षण आहे. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. त्याआधी ती ३१,००० रुपये होती.

तिसरा प्रकार प्रकल्पातील हंगामी जागांचा. प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट, सीनियर प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट सायंटिस्ट अशी त्यांची नावे असतात. एखाद्या वैज्ञानिकाला सरकारी खात्याकडून किंवा उद्योगाकडून दोन-तीन वर्षांचा प्रकल्प मिळतो आणि त्यातील पैशातून एक-दोन माणसे नेमली जातात. प्रकल्प संपला की जागाही संपते. वर्षभर सतत निघत असतात त्या याच जागा. ‘सायंटिस्ट’ हा शब्द पदनामात दिसला म्हणून प्रोजेक्ट सायंटिस्ट आणि वैज्ञानिक ही पदे एक होत नाहीत.

प्रकल्पातील जागेला किती पैसे?

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये प्रकल्पातील मनुष्यबळासाठी एकसमान दर ठरवून दिले. त्यानुसार एम.एस्सी. किंवा बी.टेक. झालेल्या प्रोजेक्ट असोसिएट-१ या पदासाठी नेट किंवा गेट उत्तीर्ण असल्यास ३१,००० रुपये, नसल्यास २५,००० रुपये आणि त्यावर घरभाडे भत्ता असे मानधन ठरले. कमाल वयोमर्यादा ३५ वर्षे. बी.एस्सी. किंवा पदविकाधारक प्रोजेक्ट असिस्टंटसाठी २०,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. हे दर मधूनमधून सुधारले जातात. त्यामुळे समोरच्या जाहिरातीत छापलेला आकडाच ग्राह्य धरायचा.

हे मानधन ‘एकत्रित’ असते. म्हणजे घरभाडे भत्ता सोडला तर महागाई भत्ता नाही आणि कायम कर्मचाऱ्यांसारखी वार्षिक वेतनवाढही नाही. महागाई वाढली की कायम कर्मचाऱ्याचा पगार वर्षातून दोनदा थोडाथोडा वर सरकतो. प्रकल्पातील माणसाचा आकडा मात्र पुढचे परिपत्रक येईपर्यंत तिथेच राहतो.

एकाच टेबलावर दोन पगार कसे?

जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या भत्त्यांच्या दराने हिशेब मांडला तर हे अंतर स्पष्ट दिसते. पुण्यात नव्याने लागलेल्या तांत्रिक सहायकाचे मूळ वेतन ३५,४०० रुपये. त्यावर ५० टक्के महागाई भत्ता १७,७०० रुपये आणि ३० टक्के घरभाडे भत्ता १०,६२० रुपये. एकूण ६३,७२० रुपये. वाहतूक भत्ता यात धरलेला नाही. त्याच्याच शेजारी त्याच यंत्रावर नमुने तपासणाऱ्या, नेट नसलेल्या प्रोजेक्ट असोसिएटला २०२० च्या दराने २५,००० रुपये आणि घरभाडे भत्ता ७,५०० रुपये. एकूण ३२,५०० रुपये. 

म्हणजे बी.एस्सी. पात्रतेच्या कायम पदाला जे मिळते, त्याच्या जवळपास निम्मे एम.एस्सी. झालेल्या हंगामी पदाला. तांत्रिक सहायक लेखी परीक्षा देऊन, देशभरातील उमेदवारांशी स्पर्धा करून आलेला असतो, हे खरे. त्यामुळे दोघांना अगदी सारखे मिळावे असे कोणी म्हणणार नाही. पण दुप्पट फरकाचे समर्थन केवळ परीक्षेच्या आधारे करणेही अवघड आहे.

मग प्रकल्पातील जागा घेऊच नये का?

असे मुळीच नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून एम.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याने एनएमआर किंवा मास स्पेक्ट्रोमीटरसारखे उपकरण बहुधा पुस्तकातच पाहिलेले असते. राष्ट्रीय प्रयोगशाळेतील दोन वर्षे त्याला ते हाताळायला शिकवतात. शोधनिबंध कसा लिहायचा, प्रयोगाची नोंदवही कशी ठेवायची, चुकलेला प्रयोग कसा तपासायचा हे तिथेच कळते. औषधनिर्माण किंवा रंगरसायन उद्योगात पुढे नोकरी शोधताना या अनुभवाला किंमत असते. परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. सीएसआयआरच्या तांत्रिक पदांसाठी जी अनुभवाची अट असते, तीही अशा कामातून पूर्ण होऊ शकते.

संशोधकांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. उद्योगाने दोन वर्षांसाठी दिलेल्या पैशातून तीस वर्षांची नोकरी देता येत नाही. प्रत्येक प्रकल्प कर्मचारी कायम झाला तर पुढच्या तुकडीला शिकायला जागाच उरणार नाही. जगभरच्या प्रयोगशाळा मुदतीच्या नेमणुकांवर चालतात. हे सगळे मान्य केले तरी प्रश्न उरतो तो असा की, मुदतीच्या नेमणुकीनंतर ज्या दारातून आत जायचे, ते दार कधी उघडणार हे कोणाला माहीत असते का?

वयाचे गणित कसे बिघडते?

तांत्रिक सहायक पदासाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा २८ वर्षे आहे, वैज्ञानिक पदासाठी ३२ वर्षे. इतर मागासवर्गीयांना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत राखीव जागांसाठी मिळते. कागदावर या मर्यादा वाजवी वाटतात. पण पदवीपासून मोजायला घेतले की चित्र बदलते.

एम.एस्सी. होताना वय साधारण २२-२३. प्रकल्पात तीन वर्षे काढली की २६. त्यानंतर उमेदवाराच्या विषयातील तांत्रिक सहायकाची जाहिरात कधी येईल, हे सांगता येत नाही. प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या रिक्त जागा आणि मंजुऱ्यांनुसार जाहिरात काढते. ती २७ व्या वर्षी आली तर संधी, २९ व्या वर्षी आली तर खुल्या गटातील उमेदवार बाद. उमेदवाराचे कौशल्य दोन्ही वेळी तेच, उलट दुसऱ्या वेळी थोडे जास्तच.

वैज्ञानिक पदाचे गणित आणखी अवघड. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. ती पूर्ण होईपर्यंत वय २९-३० होते. त्यानंतर दोन वर्षे देशात किंवा परदेशात संशोधन केल्याशिवाय अर्जात वजन येत नाही. तेवढ्यात ३२ वे वर्ष उजाडते. शिवाय प्रत्येक जागा विशिष्ट विषयासाठी असते. उत्प्रेरकांवर काम केलेल्याला बहुवारिकांची, म्हणजे पॉलिमरची, जागा चालत नाही. त्यामुळे ‘वैज्ञानिकांच्या जागा निघाल्या’ या बातमीत एखाद्या उमेदवारासाठी नेमकी एक जागा असते किंवा एकही नसते. हातात एक, फार तर दोन संधी. त्या हुकल्या की वर्गात पहिला आलेला विद्यार्थीही नियमांच्या भाषेत ‘अपात्र’ ठरतो.

दुसरीकडे प्रोजेक्ट असोसिएटची मर्यादा ३५ वर्षांची. म्हणजे कायम पदासाठी वय उलटलेला माणूस त्याच प्रयोगशाळेत हंगामी काम करायला मात्र चालतो. त्याच्या कामात खोट असती तर त्याला ठेवलेच नसते. हंगामी नोकरीच्या कमी पगारापेक्षा ही विसंगती अधिक टोचणारी आहे.

न्यायालयाचे म्हणणे काय?

काही वर्षे काम केले की आपोआप कायम होता येईल, अशी आशा अनेकांच्या मनात असते. ती धरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात स्पष्ट केले की, हंगामी किंवा कंत्राटी नेमणुकीमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही. सरकारी पदे नियमानुसार खुल्या स्पर्धेतूनच भरली पाहिजेत. 

डिसेंबर २०२४ मध्ये ‘जग्गो’ प्रकरणात याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातील, वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करणाऱ्या हंगामी कामगारांना सेवेत कायम करण्याचा आदेश दिला आणि उमादेवी निकालाचा ढाल म्हणून वापर करणाऱ्या सरकारी कार्यालयांना खडसावले. मात्र हा निकाल प्रयोगशाळेतील प्रकल्प कर्मचाऱ्यांना सरसकट लागू पडेल असे समजणे धाडसाचे ठरेल. त्यांची नेमणूक मुळातच मुदतीची असते आणि रुजू होतानाच कायमपणावर हक्क सांगणार नाही, अशी अट मान्य करावी लागते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कोर्टाच्या पायरीवर मिळणार नाही. ते भरतीच्या पद्धतीत शोधायला हवे.

नियमित भरती जमू शकते का?

जमू शकते, आणि उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे. अभियंते आणि विज्ञान पदव्युत्तरांसाठी तिची प्रवेश प्रक्रिया दरवर्षी होते. लेखी परीक्षा किंवा गेटचे गुण, मग मुलाखत, मग वर्षभराचे प्रशिक्षण आणि ते यशस्वीपणे पूर्ण केल्यावर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक. त्यांची वयोमर्यादा सीएसआयआरपेक्षा कडक, खुल्या गटासाठी २६ वर्षे आहे. तरीही त्याबद्दल फारशी ओरड होत नाही, कारण दार दरवर्षी उघडते. एकदा अपयश आले तर पुढच्या वर्षीची तयारी करता येते आणि नाहीच जमले तर वेळीच दुसरी वाट धरता येते.

सीएसआयआरच्या प्रयोगशाळा विखुरलेल्या आहेत, विषय अनेक आहेत, त्यामुळे हुबेहूब तीच पद्धत लागू होणार नाही. पण वेळापत्रक जाहीर करायला विषयांची अडचण कशी येते? केंद्रीय लोकसेवा आयोग पुढच्या वर्षीच्या परीक्षांच्या तारखा आधीच सांगतो. या वर्षी कोणती प्रयोगशाळा कोणत्या विषयातील किती पदे भरणार, हे संशोधन परिषदेला एकत्रित सांगता आले पाहिजे.

आता हा विषय तातडीचा का?

कारण संशोधनात नवा पैसा येतो आहे आणि तो प्रामुख्याने प्रकल्पांच्या मार्गाने येतो आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट त्यासाठी मांडले गेले आणि त्यातील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. प्रकल्प वाढले की प्रकल्पातील जागाही वाढतील. कायम पदे त्या प्रमाणात भरली गेली नाहीत, तर हंगामी माणसांची रांग तेवढी लांबत जाईल.

आज देशाचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे. दर दहा लाख लोकसंख्येमागे संशोधकांची संख्या २०२० मध्ये २६२ होती. ही संख्या वाढवायची तर विज्ञानात येणाऱ्या मुलांना पुढचा रस्ता दिसायला हवा. अभियांत्रिकी करून माहिती-तंत्रज्ञानात गेलेल्या मित्राचा पगार दरवर्षी वाढताना दिसतो, तेव्हा एम.एस्सी. झालेल्या मुलीला घरचे लोक विचारतात, ‘तुझे पक्के कधी होणार?’ तिच्याकडे उत्तर नसते. तिने संशोधन सोडले की पहिला तोटा प्रयोगशाळेचाच होतो. दोन-तीन वर्षे खर्चून तयार केलेला हात निघून जातो आणि पुढच्या प्रकल्पात नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते.

काय बदलायला हवे?

पहिले, वार्षिक वेळापत्रक. दुसरे, कायम पदांची जाहिरात रखडली तर तेवढ्या काळाची वयसवलत सर्वच उमेदवारांना मिळावी. करोनाकाळात भरती थांबली म्हणून महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये कमाल वयोमर्यादेत दोन वर्षांची सूट दिली होती. विलंब सरकारचा असेल तर वय उमेदवाराचे का कापावे, हे तत्त्व त्यात मान्य झालेच आहे. 

तिसरे, प्रकल्पातील जागेची जाहिरात प्रामाणिक हवी. प्रकल्प किती महिने उरला आहे, पैसे कोण देणार, मुदतवाढीची शक्यता किती, पीएच.डी.साठी नोंदणी करता येईल का, हे चार तपशील पहिल्याच पानावर असावेत. प्रकल्पाचा हप्ता वेळेवर आला नाही म्हणून मानधन अडणार असेल, तर तो भार प्रयोगशाळेने तात्पुरता उचलावा. चौथे, एका पदाच्या थेट मुलाखतीसाठी गडचिरोली किंवा नांदेडच्या उमेदवाराने स्वखर्चाने पुण्याला यायचे, रांगेत बसायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे, ही पद्धत बदलून पहिली फेरी ऑनलाइनच व्हावी. यापैकी वयसवलतीला नियमांत बदल लागेल. बाकीच्या गोष्टींना लागते ती प्रामुख्याने इच्छाशक्ती.

तोपर्यंत उमेदवारांनी काय पाहावे?

जाहिरात संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचावी; फिरत आलेल्या चित्रावर विसंबू नये. ‘टेम्पररी’, ‘प्रोजेक्ट’, ‘को-टर्मिनस’ यांपैकी एखादा शब्द दिसला तर ती मुदतीची जागा आहे, हे ओळखावे. ‘को-टर्मिनस’चा अर्थ प्रकल्पाबरोबरच संपणारी. वय कोणत्या तारखेला मोजले जाणार आणि अंतिम निकाल न लागलेले विद्यार्थी चालतात का, हे तपासावे. प्रयोगशाळेत नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजावी.

निवड झाल्यास रुजू होण्यापूर्वी प्रकल्पप्रमुखाला उरलेली मुदत आणि कामाचे स्वरूप नि:संकोच विचारावे. काम सोडताना अनुभवाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात वापरलेली उपकरणे व तंत्रे नावानिशी लिहून घ्यावीत. प्रकल्पात असतानाच नेट, गेटची तयारी चालू ठेवावी, कारण या परीक्षांनी मानधन वाढते आणि पीएच.डी.चा रस्ताही खुला होतो. आणि आपण या जागेवर किती काळ थांबणार, याची एक तारीख स्वतःशी ठरवून ठेवावी.

ही तारीख आज प्रत्येक उमेदवाराला एकट्याने, अंदाजाने ठरवावी लागते. पुढच्या भरतीची तारीख प्रयोगशाळेने आधी सांगितली, तर तो अंदाज राहणार नाही, हिशेब होईल. विज्ञानासाठी आयुष्यातली उमेदीची वर्षे देणाऱ्याला एवढा हिशेब मांडता यावा, ही मागणी काही फार मोठी नाही.